‘इट्स फाइन’ : उत्तम, ठीक की दंड?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. आपण बरेच दिवस खपून इंग्रजीत एक अहवाल लिहिला. आपल्या परदेशी वरिष्ठांनी त्यावर ‘इट्स फाइन’ एवढाच शेरा दिला. शब्दकोशात ‘फाइन’पुढे ‘उत्तम, सुरेख, सुंदर’ असे अर्थ पाहून आपण निश्चिंत झालात आणि दोनच दिवसांनी तो अहवाल सुधारण्यासाठी दुसऱ्या सहकाऱ्याकडे गेल्याचे आपल्याला समजले. आता आपल्याला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत : शब्दकोश चुकला की वरिष्ठांनी शब्द चुकीचा वापरला, दंडाला ‘फाइन’ म्हणतात तो हाच शब्द की निव्वळ योगायोग, आणि कोणी ‘हाउ आर यू’ असे विचारल्यावर आपण आजवर ‘आय ॲम फाइन’ म्हणत आलो ते बरोबर होते का.

गेली बावीस वर्षे मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतो आणि इतरांचे अनुवाद तपासतो. या काळात अवघड शब्दांनी मला फारसे फसवले नाही, कारण अवघड शब्द दिसला की माणूस सावध होतो, थांबतो, कोश उघडतो. ‘फाइन’ दिसला की मात्र हात आपोआप ‘छान’ लिहून पुढे सरकतो. माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या मजकुरात या एका शब्दाच्या इतक्या चुका आढळतात की त्याखाली पेन्सिलीची रेघ मारून ठेवण्याची मला सवय लागली आहे.

शब्दकोश चुकलेला नाही आणि आपले वरिष्ठही चुकलेले नाहीत. अडचण अशी आहे की कोश शब्दाचे सगळे अर्थ एकाखाली एक मांडतो, पण तो शब्द वाक्यात कोणत्या जागी बसला असता त्यांपैकी कोणता अर्थ जागा होतो, हे बहुधा सांगत नाही. ‘फाइन’च्या बाबतीत तर जागा हाच निम्मा अर्थ आहे. ‘शी इज अ फाइन टीचर’ असे कोणी म्हटले तर ती मनापासून केलेली स्तुती असते. बाई अत्यंत चांगल्या शिक्षिका आहेत. ‘द टीचर इज फाइन’ असे म्हटले तर शिकवण्याबद्दल जवळजवळ काहीच सांगितलेले नसते. बाई आजारी होत्या, त्यांना आता बरे आहे, किंवा त्यांच्याविषयी कोणाची तक्रार नाही, एवढेच त्यातून कळते. नामाच्या आधी बसलेला ‘फाइन’ गौरव करतो आणि क्रियापदानंतर आलेला ‘फाइन’ ‘पुरेसे आहे, याहून अधिकाची गरज नाही’ असे सांगतो. आपल्या अहवालावर ‘अ फाइन रिपोर्ट’ असा शेरा असता तर आपला आनंद रास्त ठरला असता. ‘इट्स फाइन’ म्हणजे ‘चालेल’.

हा फरक मी शिकवताना एक कसोटी वापरतो. ‘पुरेसे’ या अर्थाच्या ‘फाइन’ला तर-तम भाव चालत नाही. काल बरे नव्हते आणि आज बरे आहे, असे सांगायचे असेल तर ‘आय ॲम फाइनर टुडे’ असे कोणी म्हणत नाही, कारण पुरेसे असणे ही एक रेषा आहे; ती ओलांडली की ओलांडली, तिच्यापलीकडे आणखी किती गेलो याची मोजणी होत नाही. याउलट वाळू, धागा, कापड, चित्रकाराचे काम यांना ‘फाइनर’ आणि ‘फाइनेस्ट’ सहज लागते. ‘व्हेरी’चेही तसेच आहे. ‘इट्स व्हेरी फाइन’ म्हटले की वाक्यातला अर्थ एकदम बदलतो आणि ‘अतिशय बारीक’ किंवा ‘अतिशय सुरेख’ असा होतो. ‘पुरेसे’ या अर्थावर जोर द्यायचा असेल तर इंग्रजी बोलणारे ‘जस्ट फाइन’, ‘परफेक्टली फाइन’, ‘ॲब्सोल्यूटली फाइन’ असे म्हणतात. म्हणजे ‘फाइन’च्या मागे कोणता शब्द उभा आहे ते पाहिले तरी अर्धे काम होते. हवामान हा ठळक अपवाद आहे : ‘द वेदर इज फाइन’ म्हणजे हवा केवळ चालण्यासारखी आहे असे नाही, तर आकाश निरभ्र आहे, पाऊस नाही.

पण एवढ्यावरून आपला अहवाल वरिष्ठांना आवडला नव्हता, असा निष्कर्ष मी काढणार नाही. त्यात परिस्थितीचा भाग मोठा असतो. पहिले म्हणजे आपण अहवाल पाठवताना काय विचारले होते, ते आपल्या प्रश्नात नाही. ‘हा पुढे पाठवला तर चालेल ना?’ असे विचारले असेल, तर ‘इट्स फाइन’ हा पूर्ण होकार आहे आणि त्यात उणे काहीच नाही. ‘आपल्याला कसा वाटला?’ असे विचारले असेल, तर तेच दोन शब्द बरेच थंड ठरतात. दुसरे म्हणजे माणसाचा स्वभाव. काही जण सगळ्याच गोष्टींना ‘फाइन’ म्हणतात आणि काही जण एरवी ‘ग्रेट’, ‘एक्सलंट’ अशी उधळण करतात. या दुसऱ्या प्रकारच्या माणसाने ‘फाइन’ म्हटले, तर त्याचा पारा दोन अंश उतरला आहे असे समजावे. तिसरे म्हणजे आवाज. प्रत्यक्ष बोलताना वर चढणाऱ्या सुरातला ‘फाइन’ आणि तुटक, खाली पडणारा ‘फाइन’ यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि लेखी शेऱ्यात नेमका तो सूर गळून जातो. म्हणून लेखी ‘फाइन’ वाचताना मी स्वतः स्तुतीही धरत नाही आणि नापसंतीही धरत नाही. हरकत नसल्याची नोंद, एवढाच अर्थ घेतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, जो मला सर्वांत रंजक वाटला. होय, दंडाचा ‘फाइन’ आणि उत्तमाचा ‘फाइन’ एकाच मुळापासून निघाले आहेत. ते मूळ म्हणजे लॅटिन भाषेतील ‘फिनिस’ हा शब्द. त्याचा अर्थ सीमा, हद्द, शेवट. शेताच्या बांधालाही ‘फिनिस’ म्हणत आणि गोष्टीच्या समाप्तीलाही.

हद्दीपासून उत्तमापर्यंतचा प्रवास मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, कारण आपल्या भाषेत त्याची उदाहरणे मुबलक आहेत. ‘अत्यंत’ या शब्दात ‘अंत’ आहे. ‘पराकाष्ठा’ म्हणजे शेवटची सीमा. ‘कमाल’ हा शब्द तर आरशासारखा समोर उभा राहतो : मूळ अरबीत तो पूर्णत्वाचा वाचक आहे, आणि मराठीत आपण ‘कमाल मर्यादा’ही म्हणतो, ‘कमालीचे सुंदर’ही म्हणतो. गुण वाढत वाढत जिथे पुढे वाढायला जागाच उरत नाही, ते टोक म्हणजे उत्तम. लॅटिनमध्ये ‘फिनिस’ हा शब्द अशा परमोच्च टोकासाठीही वापरला जात असे. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फिन’ हे विशेषण आले, अर्थ : परिपूर्ण, अस्सल, उंची. फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा जो लोंढा इंग्रजीत आला त्याच्या मागोमाग, तेराव्या शतकात, हा शब्दही इंग्रजीत रुळला.

‘बारीक’ हा अर्थ कोठून आला, असा प्रश्न इथे पडायला हवा, कारण उंची असणे आणि बारीक असणे या दोन गोष्टी वरवर पाहता वेगळ्या आहेत. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे शुद्धीकरण. धातूतला मळ काढत जावा, पीठ चाळत जावे, सूत कातत जावे. जितके जास्त काम केले तितका माल शुद्ध, तलम आणि बारीक होत जातो. ‘रिफाइन’ या क्रियापदात ती कल्पना अजून शाबूत आहे. सोन्याच्या व्यवहारात तर ‘फाइन’चा हा जुना अर्थ आजही आकड्यांत मोजला जातो : हजार भागांत शुद्ध सोन्याचे भाग किती, याला ‘फाइननेस’ म्हणतात. ९९९ म्हणजे जवळजवळ निर्भेळ सोने, आणि ९१६ म्हणजे २४ पैकी २२ भाग सोने, म्हणजेच बावीस कॅरेट. २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान असलेल्या धूलिकणांना इंग्रजीत ‘फाइन पार्टिकल्स’ म्हणतात, तेव्हा त्या कणांचे कोणी कौतुक करत नसते. करारनाम्यातील ‘फाइन प्रिंट’ म्हणजे सुबक छपाई नव्हे, तर वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटावा इतका बारीक मजकूर. आणि क्रिकेटमधील ‘फाइन लेग’ हा क्षेत्ररक्षक फलंदाजाच्या मागे, दोन्ही टोकांच्या यष्टींना जोडणाऱ्या रेषेशी बारीक कोन करून उभा असतो, म्हणून तो ‘फाइन’. कोन मोठा होऊन तो फलंदाजाच्या काटकोनात आला की ‘स्क्वेअर’ झाला. अनेक वर्षे सामन्यांचे समालोचन ऐकूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते, हे कबूल करायला हरकत नाही.

दंडाच्या वाटेने हा शब्द शिकताना माझी फजिती झाली होती. अनुवादाच्या अगदी सुरुवातीच्या काळात इंग्लंडमधील जुन्या जमीनधारणेवरचा एक लेख माझ्याकडे आला. त्यात बाप वारल्यावर मुलगा जमिनीचा ताबा घेताना जमीनदाराला ‘फाइन’ भरतो, असे वारंवार येत होते. मी सगळीकडे ‘दंड’ लिहिले. संपादकांनी समासात एकच प्रश्न लिहून मजकूर परत पाठवला : ‘बाप मेला हा मुलाचा गुन्हा कसा?’ त्या लेखातील ‘फाइन’ ही शिक्षा नव्हतीच. नवा कूळ म्हणून नाव लागावे आणि प्रकरण मिटावे यासाठी द्यायची ती रक्कम होती; तिला ‘नजराणा’ म्हणायला हवे होते.

त्या एका प्रश्नाने मला या शब्दाचा इतिहास वाचायला लावला. मध्ययुगीन कायद्याच्या लॅटिनमध्ये ‘फिनिस’ म्हणजे वादाचा शेवट, तडजोड. आणि मग ओघानेच, ती तडजोड घडवण्यासाठी मोजलेले पैसे. इंग्लंडमध्ये जमिनीच्या हस्तांतराची एक पद्धत होती, तिलाच ‘फाइन’ म्हणत. घेणारा देणाऱ्यावर राजाच्या न्यायालयात दावा लावी. दावा लुटुपुटीचा असे, कारण दोघांचे आधीच ठरलेले असे. मग दोघे न्यायालयासमोर तडजोड करीत आणि तिचा दस्त होई. तो दस्त ‘हा अंतिम करार आहे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांनी सुरू होत असे. ११९५ पासून एकाच चर्मपत्रावर या दस्ताच्या तीन प्रती लिहून त्या नागमोडी रेषेने कापण्याची पद्धत पडली : दोन प्रती दोन पक्षांना आणि तळाची तिसरी न्यायालयाकडे. तळाची म्हणून तिला ‘फुट’, म्हणजे पाय, असे नाव पडले. हे ‘फीट ऑफ फाइन्स’ आजही तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहेत. जमीन हस्तांतराची ही पद्धत १८३३ च्या एका कायद्याने बंद झाली.

शिक्षेच्या अर्थाकडे हा शब्द कसा सरकला, ते क्रियापदांवरून दिसते, आणि माझ्या धंद्यात क्रियापदे सहसा खोटे बोलत नाहीत. १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्ये, म्हणजे इंग्लंडच्या राजाने मान्य केलेल्या हक्कांच्या सनदेत, राजाशी अन्यायाने ‘केलेल्या’ फाइन्स आणि अन्यायाने ‘लादलेले’ दंड यांचा वेगवेगळा उल्लेख आहे; लादलेल्या दंडासाठी तेव्हा ‘अमर्समेंट’ हा निराळा शब्द होता. फाइन ‘करायची’ असे, म्हणजे दोन बाजूंनी मिळून ठरवायची असे, निदान कागदावर तरी. पुढे ‘पैसे भर आणि सुटका करून घे’ या व्यवहारात ठरवण्याचा भाग आटत गेला आणि भरण्याचा भाग तेवढा उरला. १६८९ च्या इंग्लंडमधील अधिकारांच्या सनदेत ‘अवाजवी फाइन्स लादल्या जाऊ नयेत’ असे येते, तोवर लादण्याचे क्रियापद ‘फाइन’ला येऊन चिकटले होते. तडजोड संपली होती, दंड राहिला होता.

शेक्सपिअरच्या काळात हे सगळे अर्थ एकाच वेळी जिवंत होते, याचा सुंदर पुरावा ‘हॅम्लेट’मध्ये आहे. स्मशानातील प्रवेशात हॅम्लेट एक कवटी हातात घेतो, ती एखाद्या वकिलाची असेल अशी कल्पना करतो आणि म्हणतो की, याच्या फाइन्सचा फाइन हाच का, की याच्या फाइन डोक्यात फाइन माती भरावी? एका वाक्यात चार वेळा आलेला हा शब्द चारही वेळा वेगळा आहे : जमिनीचे दस्त, शेवट, देखणे आणि बारीक. एकाच मराठी शब्दाने हे चारही फाइन पेलणारा अनुवाद मी अजून पाहिलेला नाही, आणि मला स्वतःलाही तो जमलेला नाही.

या कुळातील इतर मंडळी आपल्या ओळखीची आहेत. ‘फिनिश’ आणि ‘फायनल’ उघडच आहेत. ‘डिफाइन’ म्हणजे अर्थाभोवती कुंपण घालणे, ‘कन्फाइन’ म्हणजे माणसाभोवती. ‘फायनान्स’ हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये देणे चुकते करण्याच्या, म्हणजे हिशेब संपवण्याच्या अर्थाने होता. पैशाच्या राज्यात तो पुढे किती पसरला ते आपण पाहतोच. ‘ॲफिनिटी’ म्हणजे हद्दीला हद्द लागणे, त्यावरून जवळीक. १८३० मध्ये राइखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मेणासारख्या एका पदार्थाला ‘पॅराफिन’ हे नाव दिले, ते तो इतर पदार्थांशी फारसा संयोग पावत नाही म्हणून, म्हणजे ‘जवळीक कमी’ म्हणून. पाश्चात्त्य संगीताच्या लिपीत शेवटी ‘फाइन’सारखेच स्पेलिंग असलेला जो शब्द दिसतो, तो इटालियन आहे, त्याचा उच्चार ‘फीने’ आणि अर्थ ‘समाप्त’. माशाच्या पराला म्हणतात तो ‘फिन’ आणि शोधणे या अर्थाचा ‘फाइंड’ यांचा मात्र या कुळाशी काडीचाही संबंध नाही.

इतके सांगितल्यावर एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. शब्दाचे मूळ कळले म्हणजे आजचा अर्थ कळला, असे होत नाही. आपल्या वरिष्ठांनी ‘इट्स फाइन’ लिहिताना लॅटिनमधील शेताच्या बांधाचा विचार केलेला नव्हता. व्युत्पत्तीचा उपयोग अर्थ ठरवण्यासाठी नाही. एकमेकांपासून लांब वाटणारे अर्थ एका धाग्यात ओवून लक्षात ठेवण्यासाठी आहे. आजचा अर्थ आजच्या बोलण्यातूनच घ्यावा लागतो.

आणि आजच्या बोलण्यात ‘परिपूर्ण’ पासून ‘चालेल’ पर्यंत या शब्दाची जी उतरण झाली, तिला समजून घेण्यासाठी आपल्याजवळ ‘बरा’ हा शब्द आहे. संतांच्या अभंगांत ‘बरवा’ येतो तो सुंदर, मनोहर, उत्तम अशा अर्थाने. त्याच घरातला ‘बरा’ आज काय करतो ते पाहा. ‘निबंध बरा आहे’ असे शिक्षकांनी म्हटले की विद्यार्थ्याचे तोंड उतरते. ‘त्याला आता बरे आहे’ म्हणजे आजार गेला. ‘बरं’ एवढेच म्हटले की होकार झाला किंवा विषय संपला. फोनवरचे ‘बरं, ठेवतो’ आठवा. ‘बरा मित्र आहेस तू!’ म्हटले की टोमणा झाला. स्तुतीचे शब्द रोजच्या वापरात असे झिजतात. नाणे तेच राहते, त्यावरचा छाप पुसट होतो. इंग्रजीतील ‘फाइन’ अगदी याच चार घरांत राहतो : बेताचा शेरा, प्रकृती, संभाषणाचा शेवट आणि टोमणा. ‘अ फाइन फ्रेंड यू आर!’ या वाक्यात नामाच्या आधी बसूनही तो स्तुती करत नाही. मी वर सांगितलेला जागेचा नियम इथे उपरोधाने उलटा होतो. ‘बरा’ आणि ‘फाइन’ यांत फरक एवढाच, की इंग्रजी शब्दाने नामाआधीच्या जागेत आपली जुनी श्रीमंती अजून राखून ठेवली आहे आणि आपला ‘बरवा’ कवितेत राहिला आहे. म्हणून माझा सरधोपट नियम असा : क्रियापदानंतरच्या ‘फाइन’साठी आधी ‘बरा, बरे, ठीक’ यांपैकी काही बसते का ते पाहावे आणि बसत नसेल तरच ‘छान’ किंवा ‘उत्तम’कडे वळावे. नामाआधी आल्यास क्रम उलटा : पदार्थ असेल तर ‘बारीक, तलम, सूक्ष्म’ आणि माणूस किंवा कलाकृती असेल तर ‘उत्तम, सुरेख’.

एकट्या ‘फाइन’बद्दल थोडे वेगळे बोलावे लागेल, कारण गैरसमज बहुधा तिथेच होतात. संभाषणात कोणी नुसते ‘फाइन’ म्हणून थांबले, तर ते बहुतेक वेळा दार लोटून घेतल्यासारखे असते. सूर मवाळ असेल तर ‘ठरले तर मग’; सूर कडक असेल तर ‘करा काय करायचे ते’. नवरा-बायकोच्या भांडणातील ‘फाइन’चा अनुवाद ‘छान’ असा केलेला मी तपासणीत कितीदा तरी खोडला आहे. तिथे ‘ठीक आहे!’ किंवा ‘राहू दे!’ हवे. आपल्या ‘ठीक आहे’लाही नेमका हाच दुहेरी सूर आहे, त्यामुळे अनुवादकाची सोय होते. असाच आणखी एक ‘फाइन’ आहे, जो परदेशी जाणाऱ्यांना हमखास अडवतो. यजमानांनी ‘आणखी चहा?’ असे विचारले आणि पाहुणा ‘आय ॲम फाइन, थँक्स’ म्हणाला, तर तो प्रकृतीची वार्ता देत नाही. ‘नको, पुरे’ असे सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याने असे उत्तर दिले आणि चहा येईना म्हणून तो बराच वेळ वाट पाहत बसला.

आता आपला तिसरा प्रश्न. ‘हाउ आर यू’ याला ‘आय ॲम फाइन’ हे उत्तर व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि त्याने कोणाचा अपमान होत नाही. शाळेत हेच उत्तर पाठ करून घेतले जाते, त्यामुळे ते आपल्या तोंडात बसले आहे. माझा आक्षेप एवढाच, की नुसते ‘आय ॲम फाइन’ म्हणून थांबले तर ऐकणाऱ्याला ते थोडे आखडते वाटू शकते, विशेषतः सूर सपाट असेल तर. ‘फाइन, थँक्स, अँड यू?’ असे म्हणून चेंडू परत टोलवला की तो आखडतेपणा जातो. ‘हाउ आर यू’ हा बहुतेक वेळा प्रश्न नसून नमस्कार असतो, त्यामुळे त्यात शब्दाइतकेच महत्त्व परत विचारण्याला आहे. आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टरांनी किंवा जवळच्या मित्राने विचारले, तर मात्र तो खराखुरा प्रश्न असतो आणि तेव्हाचे ‘आय ॲम फाइन’ हे खरे उत्तर असते : मला आता बरे आहे. एखाद्याचे डोळे रडून लाल झाले आहेत आणि तो ‘आय ॲम फाइन’ म्हणतो आहे, तर त्याचा मराठी अनुवाद ‘मी ठीक आहे’ असा शब्दशः करून चालतो, पण प्रसंग पाहून ‘काही नाही झालेलं मला’ असा केला, तर ती टाळाटाळ वाचकाला अधिक नेमकी ऐकू येते.

अहवालाबाबत माझी सूचना एवढीच आहे. पुढच्या वेळी मजकूर पाठवताना ‘कसा वाटला?’ असे मोघम विचारू नका, कारण त्या प्रश्नाला ‘फाइन’ हे सर्वांत सोपे आणि सर्वांत कमी श्रमाचे उत्तर आहे. ‘कोणता भाग तुम्ही बदलला असता?’ असे विचारा, किंवा ‘तिसऱ्या प्रकरणातील आकडेवारी पुरेशी आहे का?’ असे नेमके विचारा. दुसऱ्या प्रश्नालाही ‘इट्स फाइन’ असेच उत्तर आले, तर तिसऱ्या प्रकरणापुरते तरी निश्चिंत राहायला हरकत नाही.